साधी नळी

भिजत घातलेला घेवडा सकाळी नको इतका फुगला होता. साली आपोआप सुटून पाण्यावर आल्या होत्या आणि दाणा बोटानं दाबला की त्याचं पीठ होत होतं. प्रमिलाताईंनी मूठभर उपसून माझ्यापुढे धरला. त्या भलत्याच खूश होत्या.

“बघ की त्रिशले, या खेपेला मिक्सरला कामच नाही.”

मला तो घेवडा आवडला नाही. का आवडला नाही, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आधीच्या दोन खेपांना असाच घेवडा वाटताना मिक्सरचं भांडं कुथायचं, आणि आज तो लोण्यासारखा निघत होता. पण मी तोंड उघडलं नाही. त्या आमच्या लॅबच्या सिनियर टेक्निशियन आणि मी रोजंदारीवरची पोर. शिवाय घेवडा त्यांच्या आईनं कोरेगावकडच्या गावाहून पाठवला होता, चांगला लाल रेघांचा वाघ्या घेवडा. आईच्या घेवड्याला नावं ठेवलेली कुणाला खपतात?

मिरजेत गुणसूत्रं तपासणाऱ्या लॅबमध्ये घेवडा कशासाठी, असं माझे वडीलसुद्धा विचारायचे. त्यांना वाटायचं मी तिथं स्वयंपाक करते. खरं कारण असं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी झोपलेल्या असतात, आणि झोपलेल्या पेशीतली गुणसूत्रं म्हणजे सुताचा गुंता, त्यातलं काही मोजता येत नाही. पेशी एकीच्या दोन व्हायला निघाली की तेवढ्यापुरती ती आखडून सुटी सुटी होतात आणि भिंगाखाली दिसतात. म्हणून पेशींना आधी जागं करावं लागतं. जागं करण्याचं औषध परदेशातून छोट्या बाटल्यांत यायचं, आणि ते येतं घेवड्यातूनच. एक्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात परकीय चलनाची टंचाई होऊन बाहेरचा माल यायचा बंद झाला तेव्हा आमच्या आठल्ये सरांनी ठरवलं की अर्क आपणच काढायचा. काढायच्या अर्थातच प्रमिलाताई.

मी नवीन असताना त्यांनी मला हे सगळं फळ्यावर काढून समजावलं होतं. पेशीच्या अंगावर बाहेरून साखरेचे बारीक धागे असतात. घेवड्यात लेक्टिन म्हणून एक प्रथिन असतं, ते हे धागे नेमके धरतं आणि पेशीला हलवून उठवतं.

“पेशीला वाटतं, शत्रू आला,” ताई म्हणाल्या होत्या. “ती खडबडून उठते, फुगते, आणि फौज वाढवायला लागते. दोनाच्या चार, चाराच्या आठ. शत्रू कुणीच नसतो गं. नुसता घेवडा असतो.”

आणि त्या खूप हसल्या होत्या. त्यांचं हसणं मोठं होतं, खालच्या मजल्यावरच्या बाह्यरुग्ण विभागात ऐकू जायचं.

लॅबची एक रीत होती. अर्काची नवी खेप निघाली की ती आधी निरोगी माणसाच्या रक्तावर करून बघायची, आणि ते रक्त अर्क काढणाऱ्याचंच असायचं. दुसऱ्याच्या दंडाला कशाला टोचा, असं ताईंचं म्हणणं. खरं तर अशा ट्रायलला दोन नळ्या लागतात. एकीत रक्त आणि अर्क, दुसरीत नुसतं रक्त. ही दुसरी म्हणजे साधी नळी. तिच्यात पेशी झोपून राहिल्या पाहिजेत. तरच पहिलीतल्या पेशी अर्कानं उठल्या असं म्हणता येतं. पण पेशी वाढवायचं पोषकद्रव्यही परदेशीच, तेही संपत आलेलं. सरांनी सांगितलं, साधी नळी काही दिवस बंद. तिच्यात काय दिसणार ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

तर त्या लोण्यासारख्या घेवड्याच्या अर्काची ट्रायल ताईंनी स्वतःच्या रक्तावर लावली, आणि ती अशी काही वाढली की सर स्वतः केबिनमधून उठून बघायला आले. मायक्रोस्कोपच्या छोट्या भिंगाखाली जिकडे बघावं तिकडे फुटणाऱ्या पेशी. ट्रायलच्या स्लाइडवर गुणसूत्रं मोजत कुणी बसत नाही. पेशी किती उठल्या तेवढं बघायचं आणि पुढं जायचं. सर म्हणाले, बाई, ही खेप परदेशी मालाच्या तोंडात मारील. ताई लाजल्या. मग स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ बसूनच राहिल्या.

हल्ली त्या बसूनच काम करायच्या. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. डबा अर्धा उरायचा, कारण दोन घास खाल्ले की डाव्या कुशीत दडपल्यासारखं होतं म्हणायच्या, आणि ओव्याची पूड तोंडात टाकायच्या. मी चिडवायचे, ताई, या वयात फिगर करताय की काय. त्यावर त्या हसायच्या, पण ते हसणं आता खालच्या मजल्यावर ऐकू जात नव्हतं. बाकावरचं बरंचसं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं होतं. पेशंटच्या नळ्या सगळ्या मीच लावू लागले, आणि आपण मोठे झालो म्हणून मनातून फुशारले.

माझं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. कुपवाडला आमचं किराणा दुकान. मी बीएस्सी झाले तेव्हा वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. वर्षात कायमची ऑर्डर मिळाली तर कर नोकरी, नाहीतर इचलकरंजीचं स्थळ आहेच. ते स्थळ दोनदा येऊन मला बघून गेलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण आमच्याकडे पोहे खाताना त्यानं मला विचारलं होतं की रक्ताचा वास हाताला राहतो का, आणि लग्नानंतर ते बंद होईल ना. वर्ष संपत आलं होतं आणि मला त्या लॅबमधून बाहेर पडायचं नव्हतं. इतकं मला आयुष्यात दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं.

पहिली नापास झाली ती जतच्या बाईची नळी. चार वेळा गर्भ पडलेली, नवऱ्याबरोबर एसटीनं यायची, रक्त देताना डोळे मिटून घ्यायची. तिच्या स्लाइडवर नुसत्या गोल, झोपलेल्या पेशी. एकही उठलेली नाही. होतं कधी असं म्हणून तिला परत बोलावलं, परत टोचलं, परत तेच. मग एका लहान मुलाची नळी गेली. मग एकामागून एक सगळ्याच जाऊ लागल्या. मी काचेचं सामान पुन्हा पुन्हा धुतलं, उबवणीच्या पेटीचं तापमान येता-जाता बघत राहिले, हात इतके साबणानं घासले की कातडी सोलवटली. रोज सकाळी स्लाइड भिंगाखाली सरकवायची, आणि खाली तेच दिसायचं. झोप. सगळीकडे झोप.

अखेर सरांनी बोलावलं. ते आवाज चढवणारे नव्हते. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. पेटी तीच, पोषकद्रव्य तेच, आणि अर्क चांगला आहे हे ट्रायलनं दाखवलेलं.

“मग उरतं काय, मगदूम?” ते म्हणाले. “हात.”

ताई मध्ये पडल्या. त्यांनी सांगितलं की पोरीचा हात मी वर्षभर बघतेय, तो वाईट नाही; हवं तर परीक्षा घ्या. माझं रक्त काढू, एक नळी मी लावते, एक ही लावेल. सरांनी ते मान्य केलं. पण जाताना एवढं सांगितलं की माझी नळी वाढली नाही तर महिनाअखेरीनंतर यायची गरज नाही.

रक्त मीच काढलं. ताईंच्या हातावर मागच्या ट्रायलच्या सुईची जागा अजून निळी-काळी होती. मी विचारलं, हे अजून कसं गेलं नाही, तर म्हणाल्या, म्हातारी होत चालले. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. नळी उभी ठेवून दिली, तशा लाल पेशी हळूहळू तळाला बसल्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा थर आला. माझ्या रक्तात तिथं जेमतेम एक रेघ दिसायची. ताईंचा चांगला जाड पट्टा होता. मला हेवा वाटला. असं रक्त असलं की काय, कशावरही वाढेल, असं मी म्हणालेसुद्धा. ताई म्हणाल्या, गावचं दूध-तूप आहे ते.

आम्ही शेजारी बसून एकेक नळी लावली. मग ताईंना घेरी आल्यासारखं झालं आणि त्या घरी गेल्या. घर म्हणजे स्टेशनकडची एक खोली. लग्न केलेलं नव्हतं, आई गावी.

त्यांच्या पाठीमागं मी जे केलं ते भीतीपोटी केलं. माझी खात्री होत चालली होती की घोळ अर्कातच आहे. मी खालच्या सिस्टरकडून माझं रक्त काढून घेतलं आणि त्याच अर्कावर माझीही एक नळी लावली. ती वाढली नाही तर सरांपुढे ठेवायला काहीतरी असेल. आणि ताईंनी पहिल्याच दिवशी डोक्यात बसवलं होतं की साध्या नळीशिवाय कोणताही निकाल खरा नाही, म्हणून ताईंच्या उरलेल्या रक्ताची एक साधी नळीही लावली. जपून ठेवलेलं पोषकद्रव्य त्यात गेलं. सरांना कळलं असतं तर महिनाअखेरपर्यंतही थांबले नसते.

तीन दिवस नळ्या पेटीत राहतात. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. घरी इचलकरंजीच्या मंडळींना जेवायला बोलवायचं चाललं होतं. आईनं विचारलं, काय गं, जेवत का नाहीस, आणि मला उगाच ताईंचा अर्धा उरलेला डबा आठवला. त्या दोन दिवस कामावर आल्याच नाहीत. ताप आहे, असा निरोप आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्लाइडी तयार केल्या. सर केबिनमध्ये कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मी आधी ताईंनी लावलेली नळी बघितली. भरगच्च. मग त्यांच्याच रक्ताची मी लावलेली नळी. तीही भरगच्च, तशीच, किंबहुना जास्तच. माझ्या जिवात जीव आला. माझा हात चांगला होता! तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं. इचलकरंजीचं स्थळ पोह्यांसकट परत गेलं, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

मग माझ्या रक्ताची नळी बघितली. तिच्यात झोप होती. गोल गोल, निवांत, एकही उठलेली नाही.

म्हणजे अर्क मेलेला होता. माझा अंदाज बरोबर होता. पण अर्क मेलेला असेल तर ताईंच्या पेशी कशानं उठल्या? दोन्ही गोष्टी एकत्र बसत नव्हत्या. मी चौथी स्लाइड घेतली. ताईंची साधी नळी. तिच्यात काही दिसायचं कारणच नव्हतं.

छोट्या भिंगाखाली ती गच्च भरलेली होती.

पहिल्यांदा वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. चिकटपट्ट्या पुन्हा बघितल्या; माझंच अक्षर, शंकेला जागा नव्हती. मग मी तेलाचा थेंब टाकला आणि मोठं भिंग लावलं. एक पेशी शोधून तिची गुणसूत्रं मोजायला लागले, कारण दुसरं काय करावं सुचेना. मोजत मोजत सगळ्यात लहान जोड्यांपाशी आले आणि थांबले. दुसरी पेशी बघितली. तिसरी बघितली. तीन खेपा आम्ही ताईंचं रक्त काढत होतो आणि त्यावर अर्क तपासत होतो. रक्त कुणी तपासलं नव्हतं.

दार उघडलं आणि ताई आत आल्या. तापानं चेहरा उतरला होता, पण साडी नीट इस्त्रीची. निकाल बघायला राहवलं नाही म्हणाल्या, रिक्षानं आले. माझं तोंड बघून त्यांचा गैरसमज झाला.

“वाढली नाही का गं? असू दे. सरक, मला बघू दे.”

मी दिवा बंद करायला हवा होता, पण मी बाजूला सरकले. त्या स्टुलावर बसल्या, पदर खोचला आणि डोळे लावले. मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले. त्यांच्या मानेचे मणके मोजता येत होते.

“वाढलंय की चांगलं,” त्या म्हणाल्या. मग त्यांचा हात स्क्रूवर थांबला. “थांब. हे ट्रायलचं नव्हे. हा पेशंट कुठला?”

मी तेलाची बाटली बंद करून ठेवली.

“बावीस नंबरच्या जोडीतलं एक आखूड आहे, बघितलंस? शेपटी तुटल्यासारखं. आणि या पेशीतही आहे. यातही.” त्यांचा आवाज फळ्यापाशी असायचा तसा झाला होता, समजावणारा. “हे रक्ताच्या कॅन्सरचं आहे, त्रिशले. माणूस बरेच दिवस हिंडता-फिरता असतो, कुणाला पत्ता लागत नाही. अर्क किती घातलास?”

“घातला नाही. साधी नळी आहे.”

“बरोबर. यांना उठवावं लागत नाही. शत्रू नको, घेवडा नको, या आपल्या आपण वाढत सुटतात.” त्या अजून भिंगातच बघत होत्या. “दोन एक्स दिसतायत, बाई आहे. वय काय तिचं?”

“ताई,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. स्क्रू थोडा फिरवला, परत मागं आणला. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मग त्यांनी हळूच स्लाइड काढून चिठ्ठी वाचली, आणि ती पुन्हा होती तशी लावून ठेवली, जसं कुणा दुसऱ्याची वस्तू आपण जागेवर ठेवतो.

“म्हणजे अर्क मेलेला होता,” त्या म्हणाल्या.

“हो. माझं रक्त त्यावर उठलं नाही.”

“आणि माझं त्याच्याशिवाय उठलं.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गरम होता. त्या विचार करत होत्या, पण मला वाटलं त्याचा नव्हे.

“आईनं उकडला असणार,” त्या म्हणाल्या. “मीच कळवलं होतं तिला, पोटाला काही सोसत नाही म्हणून. तिला वाटलं, घेवडा खायलाच हवाय. घेवडा कच्चा राहिला तर पोट बिघडतं, एवढं तिला माहीत आहे. म्हणून तिनं चांगला उकडून, वाळवून पाठवला. सगळं लेक्टिन तिथंच गेलं. आणि मी म्हणते, मिक्सरला कामच नाही.”

मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं, पण स्वतः रडल्या नाहीत. जतच्या बाईला पुन्हा बोलवायला हवं, म्हणाल्या. तिला सांग की चूक आमची होती, तिच्या रक्ताची नव्हे. मग उठल्या, पदर सोडून नीट केला, आणि सरांच्या केबिनकडे निघाल्या.

“मी येते बरोबर,” मी म्हणाले.

“नको. आधी तुझं सांगते. मग माझं.”

केबिनचं दार त्यांनी पूर्ण लावलं नाही. मला त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखा, जरा दमलेला. सर, मगदूमचा हात चांगला आहे, त्या म्हणत होत्या, तिची ऑर्डर काढा. सरांनी विचारलं की मग पेशंटच्या नळ्या का गेल्या, आणि तुमची तेवढी कशी वाढली.

मी धावत मोरीपाशी गेले, नळ पूर्ण सोडला आणि धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.